मॉरिस, फियाट आणि शालनताईंचा अर्ज

सांगलीत जुन्या मोटारी आपला मालक स्वतः निवडतात आणि त्यासाठी रीतसर मुलाखत घेतात. शालनताई मगदूम यांनी दोघींकडे अर्ज केला होता: एकावन्न सालची इंग्लिश मॉरिस मायनर आणि छपन्न सालची इटालियन फियाट. चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून तीस वर्षं त्यांनी फळ्यावर मोटारी काढल्या. स्वतःची एकही नव्हती. त्या दिवशी सकाळपासून आनंदानं त्यांना घास गिळवत नव्हता.

मुलाखतीच्या आवारात दोघी शेजारीशेजारी उभ्या होत्या. मॉरिस गोल, गुबगुबीत, मावशीसारखी. फियाट सडपातळ, उभी असूनही निघाल्यासारखी. कारकून हेरवाडे उत्तरं लिहून घेत होते.

मॉरिसनं अदबीनं विचारलं, आंबा घाटात आपण दमलो तर बाई काय करतील. थांबेन, आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच निघेन, असं शालनताईंनी सांगितलं. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाट देणार का, हा फियाटचा प्रश्न. मुळीच नाही, असं उत्तर गेलं.

हेरवाड्यांचं पेन थांबलं. एकाच घाटात थांबायचंही आणि वाटही द्यायची नाही, ही उत्तरं जुळत नाहीत. विसंगत अर्ज नियमानं बाद होतो, असं ते खेदानं म्हणाले.

शालनताई म्हणाल्या, "जुळतात की. मी रस्त्याच्या मधोमध थांबेन."

दोन्ही इंजिनं एकदम सुरू झाली.

दोघींचा होकार आला, तेव्हा आता निवड शालनताईंची होती. त्यांनी दोघींतून आवाराला एकेक फेरी मारली. फियाटची फेरी इतक्या झटकन संपली, की कुंपणाजवळचा गुलमोहर दिसलाच नाही. मॉरिसमधून त्याचं पान न् पान दिसलं. डोळे पुसत त्यांनी मॉरिसचं नाव घेतलं, आणि फियाटच्या बॉनेटवर हात ठेवून कारणही सांगितलं.

फियाट रुसली नाही. "मग मी हेरवाड्यांना घेते," ती म्हणाली.

हेरवाडे गडबडले. आपला अर्जच नाही, हे त्यांनी निदर्शनास आणलं.

"बावीस वर्षं रोज माझ्या काचा पुसताय. तोच अर्ज धरलाय."

हेरवाड्यांनी कोरा कागद घेतला. स्वतःचा पत्ता लिहिताना ते दोनदा चुकले. साक्षीदार म्हणून शालनताईंनी सही केली. दुसरा साक्षीदार मिळेना, तेव्हा मॉरिसनं कागदावरून अलगद पुढचं चाक नेलं. ठसा स्वच्छ उमटला, आणि तो ग्राह्य धरण्यात आला.