दिवेलागणीचा खराटा

काल्टाक नाकामालातून, म्हणजे गुत्त्यातून, कावा हा कडू मुळांचा गुंगवणारा रस पिऊन घरी आला, तेव्हा त्याच्या अंगणात चार माणसं बसली होती. आंब्याखाली, भिंतीला टेकून, मुकाट. त्याला पाहून एकाने कुजबुजत विचारलं, "काका, करवंट्या कुठायत?"

"कसल्या करवंट्या?"

"प्यायला. कधीचे बसलोय."

आवाज सगळ्यांनीच खाली ठेवला होता. कावा प्यायची जागा म्हटली की पोर्ट विला शहरातला माणूस मोठ्याने बोलत नाही.

"इथे कावा मिळत नाही," काल्टाक म्हणाला.

"संपला?"

"नव्हताच!"

"मग दिवा का लागलाय?"

काल्टाकने वर पाहिलं. फाटकाच्या खांबावर लाल दिवा जळत होता. तो त्यानेच निघताना टांगला होता. बाहेर दिवा असला की आत कावा आहे, दिवा उतरवला की संपला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. काल्टाकलाही कळत होतं. पण हा दिवा लेपाकोआचा होता. त्याची बायको इतकी वर्षं रोज संध्याकाळी तो तिथेच टांगायची आणि कुणी आत येऊन बसलेलं त्याला कधी दिसलं नव्हतं.

गोदीत कामाला होता तेव्हा काल्टाक बिअर प्यायचा आणि घरी येऊन भांडी आपटायचा. लेपाकोआनेच त्याला कावा धरायला लावला. "तो पिऊन माणूस गप्प तरी बसतो," ती म्हणाली. कावा प्यायल्यावर पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो, म्हणून तिने दिव्याच्या काचेवर लाल रंग लावला. मागच्या वादळाच्या दिवसांत ती गेली. तेव्हापासून त्याला परतताना कोपऱ्यावरून आपलं घर काळंकुट्ट दिसायचं. परवा तर त्याचे पाय कोपऱ्यावरूनच बिअरच्या दुकानाकडे वळले होते. कसेबसे त्याने ते मागे आणले. म्हणून आज त्याने स्वतःच दिवा लावला होता.

"दिवा काढा, आम्ही जातो," पाहुण्यांपैकी ओबेद म्हणाला. हा मिनीबस चालवायचा.

काल्टाक खांबाजवळ गेला. त्याने हात वर केला, आणि तो तसाच खाली घेतला.

"जरा वेळाने काढतो."

"म्हणजे थोडा शिल्लक आहे," ओबेदने शेजाऱ्याला सांगितलं आणि मांडी घातली.

दिवा दिसतोय, माणसं बसलीत, म्हणून आणखी माणसं आली. गर्दी पाहून शेजारची एस्ता पपईच्या फोडी आणि तळलेली केळी विकायला घेऊन फाटकात बसली. कडू तोंडावर काहीतरी लागतंच. "कळवायचं तरी काल्टाकभाऊ," ती कुजबुजली, "मासेही तळले असते."

आलेल्या माणसांना कोरड्या तोंडी किती वेळ बसवणार? काल्टाक बादली घेऊन पुन्हा ताबीच्या नाकामालात गेला.

"भरून दे."

"आत्ताच तर पिऊन गेलास," ताबी म्हणाला. "एकट्याला एवढा?"

"पाहुणे आलेत."

ताबीने बादली भरून दिली. मग त्याने आपल्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं, आणि तो बादलीच्या मागोमाग निघाला. काल्टाकच्या अंगणात त्याची रोजची गिऱ्हाइकं ओळीने बसली होती. ताबीने काल्टाकची कॉलर धरली. मात्र आवाज चढवला नाही.

"लेका, माझाच कावा माझ्याच गिऱ्हाइकांना विकतोस?"

"विकत नाही रे. फुकट देतोय."

"फुकट? मग तर मी मेलोच!"

"श्श!" भिंतीपासून कुणीतरी म्हणालं.

"दिवा काढ," ताबी आणखी खालच्या आवाजात म्हणाला.

"नाही काढणार."

"का?"

काल्टाकने मान वर करून दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "अंधारात घर सापडत नाही."

"जन्म गेला ना तुझा इथे?"

"गेला. तरी सापडत नाही."

ताबीने कॉलर सोडली. ओबेद म्हणाला, "हा लेपाकोआमावशीचाच दिवा ना? मी नवा होतो तेव्हा एकदा शिरलो होतो आत. खराट्याने पाठ सोलून काढली तिने."

"माझीही," भिंतीपासून आवाज आला.

"मी तर दोनदा खाल्लाय," तिसरा म्हणाला.

"रोज कुणी ना कुणी शिरायचंच," ताबी म्हणाला. "माझ्याकडे येऊन दम देऊन गेली होती. तुझ्या गिऱ्हाइकांना सांग म्हणे, तो दिवा माझ्या नवऱ्यासाठी आहे."

"मग आज कसे आलात?" काल्टाकने विचारलं.

"आज खराटा दिसला नाही," ओबेद म्हणाला. "वाटलं, काकांनी धंदा सुरू केला."

काल्टाक पायरीवर बसला. तो घरी यायचा तेव्हा लेपाकोआ फाटकात उभी असायची. हातात खराटा, धाप लागलेली. अंधारात कसली पानं झाडते, हे विचारायची त्याची कधी छाती झाली नाही. तो खराटा आपल्यासाठीच आहे असं तो इतकी वर्षं समजत होता. त्या भीतीने तो नाकामालात जास्तीची करवंटी घ्यायचा नाही, बिअरच्या दुकानाकडे मान वळवायचा नाही, आणि घरात शिरताना मांजरासारखा शिरायचा.

त्याला हसू फुटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि चांगलं मोठ्याने.

"श्श!" सगळं अंगण म्हणालं.

बादली रिकामी झाल्यावर माणसं उठली. दिवा जळतच होता, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जाताना ताबी म्हणाला, "उद्या लावणार असशील तर खराटाही ठेव. माझं पोट आहे त्याच्यावर."

दुसऱ्या संध्याकाळी काल्टाकने खांबावर दिवा टांगला, मागच्या दारचा खराटा आणून खाली टेकवून ठेवला आणि तो ताबीकडे गेला. तिथे त्याने चांगल्या तीन करवंट्या घेतल्या.

कोपऱ्यावरून लाल दिवा दिसला. अंगणात कुणी नव्हतं. फाटकाशी खराटा दिसला तशी त्याची पावलं आपोआप हलकी झाली. तो जागच्या जागी थांबला, चप्पल काढून हातात घेतली आणि हळूच म्हणाला, "एकच घेतली गं."