संगमरवरी मनाई

रास अल-बर या आमच्या समुद्रकाठच्या गावात उन्हाळी पाहुण्यांना शिस्त लावणारा घरमालक एकच, आणि तो म्हणजे मी! जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आहे. समुद्र कुठे संपतो आणि माझा जिना कुठे सुरू होतो, एवढं तरी मला लोकांना समजावता येणारच!

गेल्या वर्षी नियमांची लाकडी पाटी लावली होती. भाडेकरूंनी ती चुलीत घालून तिच्यावर मासे भाजले. म्हणून यंदा पाटी केली संगमरवराची. कोरणारा कारागीर एरवी कबरींचे दगड कोरतो, त्यामुळे अक्षर जरा गंभीर आलं, पण मला तेच हवं होतं. आमची लिपी उजवीकडून सुरू होते. तेव्हा उजव्या कडेला प्रत्येक ओळीच्या आरंभी ठसठशीत 'मनाई', आणि पुढे एकेक गुन्हा : ओल्या अंगाने जिना चढणे. टरबुजाच्या साली खिडकीतून फेकणे. बाल्कनीत मासे वाळवणे. भेटीला येणाऱ्यांना फाटकाच्या आत घेणे. दगड फाटकाशेजारच्या भिंतीत सिमेंटने पक्का बसवला.

"अहो, घर भाड्याने द्यायचंय की कुणाला पुरायचंय?" इन्शिराहने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

आणि भाडेकरूही कसा मिळाला! मन्सूराहून आलेले डॉक्टर शेहाता. औषधांचं दुकान चालवतात (आमच्याकडे औषधवालाही डॉक्टरच), त्यामुळे लिहिलेलं तंतोतंत पाळायची सवय. समुद्रावरून आलेल्या पोरांना सतरंजीसारखं झटकून मगच खालच्या मजल्यात घ्यायचे. वरच्या माझ्या मजल्यावरून बघताना माझे डोळे भरून यायचे.

शुक्रवारी दुपारी त्यांची आई न कळवता आली. हज करून आलेल्या हाज्जा वहीबा. डोक्यावर भलंमोठं पातेलं, त्यात भरलेलं बदक.

"आई, आत नाही घेता येणार गं," डॉक्टर पडेल चेहऱ्याने म्हणाले. "नियम आहे."

म्हातारीने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं! तिने माझ्या दगडाखाली चटई अंथरली, पातेलं मांडीवर घेतलं आणि बसली. मग डॉक्टर, सूनबाई आणि पोरंही बाहेर येऊन रांगेने बसली.

समोरचा मासळीवाला दुसूकी खुर्ची घेऊन धावला. "हाज्जा, रस्त्यावर का बसलात?"

"वाच की बाळा! भिंतीवर लिहिलंय!" हाज्जा म्हणाली. आवाज असा की दीपस्तंभापर्यंत पोचावा.

झालं! खिडक्या उघडल्या. कुणी चहा आणला, कुणी पंखा. "भूगोलाच्या मास्तरांनी म्हातारीला रस्त्यावर बसवलं!" आमच्याकडे माणसाचं भाडं बुडालं तर लोक हळहळतात, पण त्याच्या फाटकाबाहेर म्हातारी उपाशी बसली तर नातवंडांपर्यंत नावं ठेवतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पायजम्यातच खाली धावलो.

"हाज्जा, चला वर! घर तुमचंच आहे!"

"नको बाबा, नियम मोडायचा नाही."

"नियम भाडेकरूंना! तुम्ही माझ्या पाहुण्या!"

"नको."

सगळी गल्ली बघतेय, दुसूकी गालात हसतोय! माझं डोकं फिरलं. मी छातीवर हात आपटून ओरडलो, "आज तुम्ही माझ्या टेबलावर जेवला नाहीत, तर माझ्या बायकोला तलाक!"

वर बाल्कनीचं दार धाडकन उघडलं.

आता, असली शपथ आमचे पुरुष येता-जाता घालतात. मीही आधी घातली होती. एकदा खाटकाने कॉफीचे पैसे देऊ नयेत म्हणून, एकदा मेहुण्याला आणखी एक कबूतर वाढताना. तेव्हा इन्शिराहने बजावलं होतं, "पुन्हा हा शब्द काढलात तर तो खरा धरीन आणि तांता शहरात ताईकडे निघून जाईन." आणि ही बाई बोलते ते करते.

"हाज्जा, माझ्या संसारासाठी तरी चला!" मी हात जोडले.

पण म्हातारीही पेटली होती. "माझ्या गेलेल्या मालकांची शपथ! ही मनाई भिंतीवर आहे तोवर माझं पाऊल आत पडायचं नाही!"

मी दगडाला हात घातला. हलेल तर शपथ! वरून इन्शिराहचा आवाज आला. तिच्या हातात बॅग होती.

"हाज्जाने कुठे जेवायचं म्हणालात?"

"मा... माझ्या टेबलावर."

"मग टेबल खाली सोडा. तांताला समुद्र नाही, म्हणून शेवटची संधी देतेय."

आमचं टेबल लग्नातलं, दमिएत्ताच्या सुतारांनी घडवलेलं अस्सल लाकूड. जिन्यातून ते कधीच आलं नव्हतं, तेव्हाही दोर लावून बाल्कनीतूनच चढवलं होतं. मी, डॉक्टर आणि दुसूकी वर गेलो आणि दोर बांधले.

"मास्तर," डॉक्टरांनी कुजबुजत विचारलं, "खिडकीतून फेकायला मनाई आहे. बाल्कनीतून सोडलेलं चालतं का?"

मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांचा दोर सुटला! टेबलाने झोका घेतला, त्याचा कोपरा दगडावर बसला आणि खाडकन आवाज झाला.

टेबलाला ओरखडासुद्धा नाही! दगडाचा मात्र उजवा तुकडा रस्त्यावर पडला होता. सगळे 'मनाई' शब्द त्याच्यावर.

हाज्जाने भिंतीवर उरलेला दगड वाचला. "भेटीला येणाऱ्यांना फाटकाच्या आत घेणे. अरे, मग आधी का नाही सांगितलंत?" ती रुबाबात आत गेली, हात धुऊन आली आणि रस्त्यातल्या माझ्या टेबलावर जेवायला बसली. दुसूकीने मासे भाजून आणले, इन्शिराहने भात. सगळी गल्ली जेवली. इन्शिराहने बॅग कपाटावर ठेवली, पण उघडली नाही.

दुसऱ्या सकाळी कुणाची तरी पोरं निथळत जिन्यावर, खिडकीतून साली, बाल्कनीत दोरीवर मासे! ओरडलो तर सगळे भिंतीकडे बोट दाखवायचे. कारागिराला बोलवायला निघालो, तर तो फाटकाशी छिन्नी घेऊन हजर! इन्शिराहनेच बोलावलं होतं. मला केवढा आनंद झाला! शेवटी बायकोलाही शिस्त पटली तर!

त्याने उरलेल्या दगडावर एकच नवी ओळ कोरली : मनाई, घरमालकाने शपथ घेणे.

मग कबरींच्या सवयीप्रमाणे विचारलं, "बाई, खाली मास्तरांची तारीख घालू?"

इन्शिराहने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "जागा सोडून ठेवा," ती म्हणाली.