सासूबाईंच्या फाइलचं कुलूप

सर्व्हर म्हणजे माझ्या हातचा मळ! हे वाक्य मी सासुरवाडीला जेवताना, तोंडात घास असताना उच्चारलं आणि तिथेच फसलो.

मी एका स्कॅन सेंटरमध्ये रेकॉर्ड सांभाळतो. सासूबाईंच्या पोटात डॉक्टरांना काहीतरी सावली दिसली होती आणि स्कॅन आमच्याच सेंटरमध्ये झालं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी मला हळूच स्वयंपाकघरात बोलावलं.

"जावईबापू, तुमच्याकडे माझी जी माहिती भरलीय ना, ती कुणाला दिसता कामा नये. ह्यांना तर अजिबात नाही!"

'ह्यांना' म्हणजे सासऱ्यांना. म्हणजे बाईंना काहीतरी भयंकर कळलंय आणि त्या ते नवऱ्यापासून लपवताहेत! मला रडू येईल की काय असं वाटायला लागलं. पण जावई पडलो ना, छाती पुढे काढून म्हणालो, "अशी बंद करतो की मुंगीसुद्धा आत शिरणार नाही!"

आता थोडं समजून घ्या. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. तिथे प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक फोल्डरला परवानग्या असतात. कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं, सगळं ठरलेलं. हे ठरवतात आमचे सर्व्हरवाले. त्यांना सगळं सेंटर 'कुलूपकाका' म्हणतं, कारण हा माणूस स्वतःच्या डब्यालाही कुलूप लावतो. काकांनी खाली पेशंट बसतात त्या हॉलमध्ये एक मोठा पडदा लावलाय. त्याला जी नवी फाइल वाचायला मिळेल, तिचं पहिलं पान तो दाखवत बसतो. म्हणून काका त्याला 'पाणी भरपूर प्या' वगैरे सूचनांखेरीज काहीच वाचू देत नाहीत. ते रजेवर जाताना मला बजावून गेले होते, "कशालाही हात लावू नकोस."

मी लावला. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या सासूबाईंची फाइल माझ्या फोल्डरात हलवली. फाइल बंद केली. फोल्डरही बंद केलं. माझ्याशिवाय सगळ्यांना मज्जाव! स्वतःवरच खूश होऊन मी चहा प्यायलो.

गुरुवारी साडेदहाला चौथ्या मजल्यावरून सर्जनचा फोन.

"अहो रेकॉर्डवाले, तुमच्या सासूबाईंचं स्कॅन उघडत नाहीये. 'परमिशन डिनाइड' म्हणतंय. मी अकराला निघतोय, पुढचे दहा दिवस नाही. ऑपरेशन करायचं की नाही, ते आत्ताच ठरवायला हवं!"

सगळ्यांना बंद म्हणजे सर्जनलाही बंद! हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. मी घाईघाईने फाइल सगळ्यांना वाचायला खुली केली.

"आता बघा, डॉक्टर!"

"नाही हो."

"आता?"

"तेच म्हणतंय. दहा चाळीस झाले."

डबा उघडला होता, पण कपाट बंदच होतं. फोल्डर मी विसरलो होतो! पण हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी फक्त घाम सुचत होता. तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, आम्ही खाली हॉलमध्ये आहोत. आई बाबांचा हात सोडतच नाहीये. डॉक्टर काय म्हणाले?"

मला सासूबाईंचा तो हात दिसायला लागला आणि माझी उरलीसुरली अक्कल संपली. मी माझ्या नावावरचं जे काही होतं, आतल्या-बाहेरच्या सगळ्या फोल्डरांसकट, त्या सगळ्याला सातशे सत्त्याहत्तर ठोकून दिलं! सातशे सत्त्याहत्तर म्हणजे कुणीही या, वाचा, लिहा, चालवा. मग खात्री करायला सर्व्हरमधून बाहेर पडून पुन्हा आत शिरायला गेलो.

सर्व्हर मला आत घेईना!

पुन्हा प्रयत्न केला. नाही. पुन्हा. नाही! हजारो लोकांची स्कॅन त्या यंत्रात, आणि मी ते मारलं. नोकरी गेली, सासूबाई गेल्या, आपणही जावं हे बरं, असं वाटून मी कुलूपकाकांना फोन लावला. ते शिडीवर चढून घराला रंग देत होते.

"काय? सातशे सत्त्याहत्तर? सगळ्याला?"

"सगळ्याला."

"अरे, तू सर्व्हरमध्ये ज्या किल्लीने शिरतोस, तिची फाइलसुद्धा त्याच फोल्डरात आहे! उघड्यावर पडलेल्या किल्लीवर सर्व्हर विश्वास ठेवत नाही. शहाणा आहे तो, तुझ्यापेक्षा! मेला नाहीये, फक्त तुला आत घेत नाहीये."

माझ्या जिवात जीव आला. "पण मग डॉक्टरांना स्कॅन दिसेल ना?"

"डॉक्टरांना? अरे, सगळ्यांना दिसेल! झाडूवाल्या मावशींना दिसेल. हॉलमधल्या पडद्याला…"

शिडी करकरली. मी फोन टाकला आणि चार-चार पायऱ्या गाळत खाली पळालो.

हॉलमधल्या पडद्यावर 'पाणी भरपूर प्या' नव्हतं. सासूबाईंचं पहिलं पान होतं. नाव, वजन, जन्मतारीख, भल्यामोठ्या अक्षरांत! आणि हातात बॅग घेतलेले सर्जन बाकापाशी वाकून हळू आवाजात सांगत होते, "उघडलं एकदाचं. घाबरू नका. साधी पाण्याची गाठ आहे. ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

बायको हुंदके द्यायला लागली. माझेही डोळे भरून आले. मी तिथेच जमिनीवर बसलो.

सासूबाई मात्र सर्जनकडे बघतच नव्हत्या. त्या सासऱ्यांकडे बघत होत्या. सासऱ्यांनी चष्मा लावला होता आणि पडद्याकडे बघत ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"अगं," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी?"

शेहेचाळीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट! सासूबाईंनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. आजाराला त्या जेवढ्या घाबरल्या नव्हत्या, तेवढा मी त्या नजरेला घाबरलो.

शुक्रवारी कुलूपकाकांनी रजा मोडून येऊन अर्ध्या तासात सगळ्या परवानग्या जागेवर बसवल्या. सासरे हल्ली रोज सकाळी पहिला कप सासूबाईंपुढे ठेवतात आणि वाकून म्हणतात, "आधी मोठ्यांना!" असं बायको सांगते. मी स्वतः पाहिलेलं नाही. मला त्या घरात अजून चहाला बोलावलेलं नाही.