शकूरभाईंच्या जीपचा दम

सुरू असलेल्या इंजिनाचं नाक दाबू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शकूरभाईंच्या जीपचं बॉनेट उघडं होतं, आतलं एक गोल तोंड सूं सूं करत होतं, आणि मी आपला शहाणपणा करून त्यावर तळवा ठेवला. तळवा आत ओढला गेला, जीपने दोन हुंदके दिले आणि ती गप्प झाली.

"भाऊ, काहून दम कोंडला तिचा?" शकूरभाई म्हणाले.

जठारपेठेत आमची आणि त्यांची भिंत एक. दोघं नवराबायको जिनिंगमधले. ते मशिनीवर, जुबेदाभाभी कापसातला कचरा वेचायला. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडलं, आणि निघताना मालकाने ही म्हातारी जीप त्यांच्या गळ्यात मारली. तेव्हापासून त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक बिघाड श्वासाचा. मिक्सर तापला, "दम घेऊ द्या त्याले." नळ कोरडा, "पाइपाले दम लागला." माझं प्रमोशन पुन्हा हुकलं तेव्हा म्हणाले, "वरूनच हवा येत नाई भाऊ, तुमी का करसान!"

मागच्या खोलीत त्यांचा कारखाना. इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा ओतीव नळ्यांचा तुकडा तिथे टेबलावर असे. त्याचं नाव मॅनिफोल्ड. ते म्हणत पंजा. एकीकडे तळहात, पुढे चार पोकळ बोटं. आतला खडबडीतपणा काढायला काडीला पॉलिशपेपर गुंडाळून ते दुपारभर घासत, डोळे मिटून. मी रविवारी जाऊन बसे. उन्हाच्या तिरिपेत धातूची भुकटी तरंगे, आणि मलाही वाटू लागे की आपण कुठल्यातरी नदीच्या उगमाशी बसलोय.

मग परीक्षा. तळहाताकडून लोबानचा धूर फुंकायचा आणि चारही बोटांतून सारखा निघतो का ते पाहायचं. तीन बोटांतून निघे, चौथं रुसलेलं. गल्लीत बातमी: शकूरभाई जीपची नजर उतरवून राहिले!

लोबान पेटवण्याआधी मात्र ते न चुकता भाभींना आमच्याकडे पाठवत. "जा, वहिनीसंग बस जरा." मला वाटे, लुडबुड नको असेल. भाभी आमच्या ओट्यावर तोंडाशी पदर धरून बसत आणि माझ्या बायकोला चिखलदऱ्याच्या गोष्टी सांगत.

जीपलाही चिखलदऱ्यालाच जायचं होतं. मागच्या खेपेला ती घाटातल्या वळणावर बंद पडली होती.

"एका दमात चढली पायजे," शकूरभाई म्हणत.

"दोन दमांत चढली तर काय आभाळ कोसळते?"

ते हसले नाहीत. "नाई चालत, भाऊ."

एका दुपारी चौथ्या बोटातून धूर आला. शकूरभाईंनी त्या बोटाचा मुकाच घेतला.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं निघालो. अचलपूर मागे पडलं, घाट लागला. जीप गुणगुणत चढत होती, ढग रस्त्यात येऊन बसले होते, आणि आपण चाकांवर आहोत हेच मी विसरलो. ते वळण आलं. शकूरभाईंचे ओठ हलत होते. वळण गेलं.

पठारावर त्यांनी इंजिन बंद केलं. मी टाळी वाजवली. "वा! काय इंजिन..."

"चूप, भाऊ."

त्यांनी कान पुढे केला होता. बॉनेटकडे नव्हे, भाभींकडे. भाभींनी पदर बाजूला केला आणि लांब श्वास घेतला. मग दुसरा. छातीत शिट्टी वाजली नाही.

"मांगच्या टायमाले त्या वळणावर इंजिनचा सारा धूर हिच्या कापसानं भरल्या छातीत गेला," शकूरभाई चष्मा पुसत म्हणाले. "मले वाटलं, गेली. एस्टीत बसत नाई हे. लोकांसमोर खोकाची लाज वाटते तिले."

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"ओट्यावर खोकत त्या माह्याच जवळ बसत ना. तुमी तिकडं पंज्यात डोकं घालून." ती दिवा मालवायला उठली. "आन तुमी घोरता घोरता मधातच थांबता, तवा मीबी असाच कान लावून राहाते."