लाखाचा हार

नियमावलीत मी केवळ एक ओळ वाढवली. माणसाचा अधःपात मोठ्या पापाने सुरू होतो, असा सर्वसाधारण समज आहे. माझा एका ओळीने झाला, आणि ती ओळ शुद्ध मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती.

ओळ अशी : 'गाडी किती चालली याबाबत मीटरवरील आकडा हाच एकमेव पुरावा मानला जाईल, तोंडी साक्ष ग्राह्य नाही.'

आता प्रसंग सांगतो. कर्जत-खालापूर दुचाकी मित्रमंडळ ही आमची संस्था. (तरुण सभासद तिला 'रायडर्स क्लब' म्हणतात आणि तसे छापलेली काळी जाकिटे ऐन उन्हाळ्यातही अंगावर बाळगतात. तपश्चर्येचे प्रकार अनेक आहेत.) दर रविवारी पंचवीस-तीस मोटारसायकली एकत्र निघतात, पळसदरीच्या धरणापर्यंत जातात, तेथे सर्वजण मिसळ खातात आणि परत येतात. यालाच 'राइड' म्हणतात. मी एकतीस वर्षे खोपोलीच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. सकाळची पूजा आटोपली की उरलेला दिवस रिकामा असे. रिकाम्या मनात काय शिरेल याचा नेम नाही, म्हणून मी मंडळात शिरलो. हजेरीची वही माझ्याकडे असल्याने गाड्या खोपोलीतून निघाल्या की मी घरी परतत असे.

यंदा आमचे अध्यक्ष आबाजी यांनी एक ठराव मांडला. दसऱ्याला आपण सर्वजण गाड्या धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. मग ज्या गाडीने एक लाख किलोमीटर पूर्ण केले असतील, तिला मंडळाचा पहिला हार आणि एक पितळी पाटी का देऊ नये? ठराव संमत झाला. आबाजी कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले सद्गृहस्थ आहेत. अंगी दया अधिक, शिस्त किंचित कमी. परीक्षक म्हणून त्यांनी माझे नाव सुचवले.

"सर खोटं बोलत नाहीत," ते म्हणाले.

"म्हणून त्यांच्याशी कुणी बोलतही नाही," मागून स्वप्नील नावाचा एक काळा जाकीटवाला म्हणाला. "सरांकडं वेळच वेळ आहे."

मी निवड स्वीकारली आणि त्याच बैठकीत ती ओळ लिहिली.

लाखाचा दावा करणाऱ्या गाड्या दोनच निघाल्या. एक धाकलूची, दुसरी माझी. परीक्षकानेच उमेदवार असणे योग्य नव्हे, हे मला ठाऊक होते. तथापि, सत्य आपल्या बाजूला असताना संकोच करणे हाही एक प्रकारचा अहंकारच होय, असे मी स्वतःस समजावले. (स्वतःस समजावण्यात मला फारसा विरोध कधी झालेला नाही.)

धाकलू पळसदरीचा. रोज सकाळी गाडीला दोन कॅन लावून तो खोपोलीत दूध घालतो. आमच्याही घरी त्याचेच दूध येते. परीक्षणाच्या रविवारी त्याने गाडी पुसूनबिसून माझ्यापुढे उभी केली. मीटरवर अडतीस हजार चारशे बारा हा आकडा होता. आदल्या रविवारीही मी तोच पाहिला होता.

"मीटर बंद आहे," मी म्हणालो.

"मीटर बंद हाय, सर. गाडी कुटं बंद हाय?"

"केव्हापासून?"

"पोरगी झाली त्या साली तार तुटली. पोरगी आता बारावीला हाय."

"दुरुस्त का केली नाहीस?"

"दूध काय मीटरवर जातं? पळसदरी ते खोपोली, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. एकवीस वरसं झाली, एक दिस खाडा नाय. तुमी गणिताचे सर, तुमीच करा हिशेब."

हिशेब मी तो बोलत असतानाच केला होता. उत्तर एक लाख अडुसष्ट हजार सहाशे तीस येत होते. परंतु मी मुद्रा बदलली नाही.

"हा हिशेब झाला, धाकलू. पुरावा नव्हे."

"आख्खी खोपोली सांगंल की."

"तोंडी साक्ष ग्राह्य नाही."

"म्हंजे मीटरला इचारनार आनि मानसाला नाय?"

"मीटर खोटे बोलत नाही."

"बंद मीटर तर काईच बोलत नाय, सर," असे म्हणून त्याने कॅनच्या कड्या सारख्या केल्या आणि तो निघून गेला. मी वहीत त्याच्या नावापुढे 'अपात्र' असे लिहिले व तारखेसह सही केली. त्या दुपारी मला उत्तम झोप लागली. नियमाच्या आधाराने अन्याय करणाऱ्याला झोप फार चांगली लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

जागा झालो तेव्हा पत्नी संजना चहा घेऊन उभी होती. बातमी तिच्यापर्यंत माझ्याआधी पोहोचली होती.

"धाकलूला नाही म्हणालात?"

"मी नाही, मीटर म्हणाले."

"मग या चहात दूध कुणाचं आहे? मीटरचं?"

मी चहा प्यायलो. (उत्तर नसताना चहा पिणे, हा संसारातील एकमेव निर्धोक मार्ग आहे.) मग विषय बदलावा म्हणून तिला माझ्या गाडीजवळ नेले आणि मीटर दाखवले. त्यावर सहा आकडे होते. पहिले शून्य, डावीकडच्या शून्यास किंमत नसते, हे मी पाचवीच्या वर्गाला दरवर्षी सांगत असे. पुढे नऊ, नऊ, सात, सहा आणि शेवटी पुन्हा शून्य. शेवटचा आकडा लाल चौकटीत होता. ती कारखान्याने केलेली शोभा असावी, असे मी चोवीस वर्षे मानत आलो होतो.

"नव्याण्णव हजार सातशे साठ," मी म्हणालो. "लाखाला दोनशे चाळीस कमी."

तिने वाकून आकड्यांवरून बोट फिरवले.

"अहो, पृथ्वीचा घेर किती हो?"

"चाळीस हजार किलोमीटर."

"म्हणजे तुम्ही पृथ्वीला अडीच फेऱ्या मारल्यात. त्यातल्या कुठल्या फेरीला मी घरी होते?"

स्त्रियांना संचित या कल्पनेचे आकलन उशिरा होते, अशी माझी त्या वेळी समजूत होती. थेंब साचतो, पुण्य साचते, तसे किलोमीटरही साचतात, असे मी तिला सांगितले. शाळा घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे, एवढेच ती म्हणाली. पेट्रोल फारच कमी लागते, हे मी माझ्या संयमी चालवण्याचे फळ मानत होतो. ते तिला सांगण्याचे मात्र टाळले.

मंगळवारपासून धरता दसऱ्याला दहा दिवस होते. रोज चोवीस किलोमीटर, दहा दिवसांत दोनशे चाळीस. मी तक्ता करून भिंतीवर लावला. आरंभ देवदर्शनाने व्हावा म्हणून मंगळवारी संजनाला मागे बसवून कर्जतला शंकराच्या देवळात गेलो. जाणे पंधरा किलोमीटर, येणे पंधरा. घरी येऊन मीटर पाहिले तर आकडा एक लाख साठ.

तीस किलोमीटर जाऊन मीटर तीनशे पुढे गेले होते. गणिताच्या शिक्षकाने येथे थांबून विचार करायला हवा होता. मी विचार केलाही, परंतु तो माझ्या सोयीच्या दिशेने. रस्त्याला खड्डे आहेत. खड्डा चुकवायचा तर गाडी डावीकडे जाते, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. म्हणजे पंधरा किलोमीटर हे केवळ कागदावरचे अंतर. प्रत्यक्षात नागरिकाला त्याच्या दहापट चालावे लागते. मी आकृती काढली, एकूण खड्ड्यांचा अंदाज धरला आणि उत्तर बरोबर तीनशे आणले. (उत्तर आधी ठाऊक असले की कोणतेही गणित सुटते. याच अपराधासाठी मी एकतीस वर्षे मुलांचे कान पिरगाळले.) या सार्वजनिक दुरवस्थेवर वृत्तपत्राला पाठवण्यासाठी चार पानी पत्रही लिहिले. पोस्टाची तिकिटे घरात नव्हती, ही परमेश्वराची कृपा.

तक्ता मी भिंतीवरून उतरवला. वेळेच्या नऊ दिवस आधी काम पूर्ण झाले होते.

दसऱ्याच्या सकाळी पळसदरीला धरणाजवळच्या मोकळ्या जागेत सर्व गाड्या रांगेने उभ्या होत्या. सभासद सहकुटुंब आले होते. धाकलूही आला होता, दूध घालून सरळ तिथेच. गाडी त्याने धुतली होती. कॅन मात्र तसेच होते. आबाजींच्या हातात हार होता. हार मोठा होता, आणि कसला ते सांगायला हवे : झेंडूचा, मध्ये आपट्याची पाने ओवलेली. माझी नजर त्याच्यावरून हलत नव्हती, हे मी आज कबूल करतो.

आबाजींनी माझे नाव पुकारले. येथे मी स्वहस्ते माझा नाश ओढवून घेतला. मी म्हणालो, "परीक्षकाने स्वतःची गाडी स्वतःच तपासू नये. हे काम त्रयस्थाने करावे, आणि सर्वांदेखत करावे."

टाळ्या पडल्या. त्या पूर्ण ओसरेपर्यंत मी मान खाली घालून उभा राहिलो. विनय दाखवण्याची ती माझी नेहमीची पद्धत.

कुंभिवलीला हायवेवर किरणचे गॅरेज आहे. तो माझा विद्यार्थी. त्याला मी पुढे बोलावले. तो वाकला, मीटरवरून बोट फिरवले, पुन्हा वाकला आणि मग उगाचच टायर दाबून पाहू लागला.

"टायर नको. आकडा वाच."

"सर, आधी पूजा करून घेऊ या का?"

"आकडा."

"सर, जरा बाजूला या ना. दोन मिनिटं."

"जे बोलायचे ते सर्वांसमोर बोल. मोठ्याने."

किरणने आबाजींकडे पाहिले. आबाजींनी हाराकडे पाहिले.

"दहा हजार सतरा," किरण म्हणाला.

"शून्य गाळलेस. पुन्हा वाच."

"गाळलं नाय, सर. शेवटचा लाल आकडा शंभर-शंभर मीटरचा असतो. त्याच्या अलीकडं..." तो थांबला. "त्याच्या अलीकडं दशांश चिन्ह धरायचं, सर."

एकतीस वर्षे मी दशांश अपूर्णांक शिकवले. त्या क्षणी धरणाच्या काठावर कोणीतरी मिसळीचा रस्सा भुरकला, तो आवाजही मला स्पष्ट ऐकू आला.

पहिली बोलली ती संजना. "दहा हजार भागिले चोवीस," ती शेजारच्या बाईला म्हणाली, "म्हणजे वर्षाला चारशे. दिवसाला एक किलोमीटर आणि थोडं वर. शाळेत जाणं, शाळेतून येणं. आणि वरचं थोडं म्हणजे पिठाची गिरणी."

"सर," स्वप्नीलने विचारले, "ही गाडी द्यायचीय का? एवढी कमी चाललेली सेकंडहँड मला अख्ख्या तालुक्यात मिळाली नाही."

आबाजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आता हार कुणाला घालू? मीटरप्रमाणं लाख कुणाचेच नाहीत. नियम तुमचा आहे, सर."

मी रांगेकडे पाहिले. धाकलू आपल्या गाडीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद असता तर मला सोपे गेले असते. तो हाराकडे पाहतही नव्हता. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहू नये, तसा तो धरणाच्या पाण्याकडे पाहत होता. हा मनुष्य एकवीस वर्षे भर पावसात माझ्या दारात उभा राहिला होता, आणि त्याच्याकडे मी पुरावा मागितला होता.

मी खिशातून नियमावली काढली, किरणच्या खिशातले पेन घेतले आणि ती ओळ खोडली. खोडून सही केली. तारीख घालायचे मात्र प्रथमच विसरलो.

"तोंडी साक्ष ग्राह्य," मी म्हणालो. "धाकलूची गाडी रोज खोपोलीला येते, हे कोणी पाहिले आहे?"

खोपोलीच्या अकरा सभासदांनी हात वर केले. बारावा हात माझा होता. तो सर्वांत उशिरा वर गेला, परंतु गेला.

आबाजींनी हार घातला. हँडलवरून तो दोन्ही बाजूंनी कॅनपर्यंत आला. किरणने पितळी पाटी जिथे बसवली, त्याच्या वरच अडतीस हजार चारशे बारा हा आकडा तसाच होता. धाकलूने गाडीला नमस्कार केला, मग माझ्याकडे आला. त्याच्या हातात हारातून सुटलेले एक फूल होते. ते त्याने माझ्या मीटरच्या काचेवर ठेवले.

"वाईट वाटून घेऊ नका, सर," तो म्हणाला. "तुमची गाडी अजून लहान हाय. चालंल हळूहळू."

प्रसंग येथे संपला असता. परंतु आबाजींना दया आवरत नाही. ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता तोंडी साक्ष चालते, तर सरांनाही संधी द्यायला हवी. मीटर जुनं आहे, चुकतही असेल. सरांची गाडी लांबवर गेलेली कुणी पाहिलीय का?"

कोणी हात वर केला नाही. हळूहळू सर्वांच्या नजरा संजनाकडे वळल्या. सत्य बोलण्याचा उपदेश मी तिला लग्नापासून नित्यनेमाने करत आलो आहे. तो इतका मनावर घेतला जाईल, याची मला कल्पना नव्हती.

"पाहिलीय की," ती म्हणाली. "मी स्वतः मागं बसले होते. मागल्या आठवड्यात, मंगळवारी, कर्जतला."

"आणि त्याआधी, वहिनी?"

संजनाने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "त्याआधी, शोरूममधून घरी आणली तेव्हा."

ही साक्ष मंडळाने एकमताने ग्राह्य धरली.