नानांचा लिफ्टर

जानेवारी १९८९, महिन्याचा दुसरा शनिवार. मंडळाच्या डब्यात शिल्लक दोनशे साठ रुपये. सोनगीरला माझ्या ओट्यावर हजर तिघे: अध्यक्ष भिकनभाऊ, पिठाच्या गिरणीवाले नाना आणि खजिनदार म्हणून मी. आमच्या हिने चहा आणला. नानांनी कप कानाला धरून उचलला नाही. दहाही बोटांची टोकं खालून लावून तो कपाळापर्यंत नेला, तिथे क्षणभर तोलला, मग खाली आणून प्यायले. ही दर वेळी दारात उभी राहून धास्तीने बघते. कपबशा तिच्या माहेरच्या आहेत. अलीकडे कप उजवीकडे कलतो, असं ती म्हणायची. मी लक्ष दिलं नव्हतं.

नाना आमच्या व्हॉलीबॉल संघाचे लिफ्टर. नेटजवळ चेंडू वर उचलून देणारा तो लिफ्टर. उडी मारून तो पलीकडे आपटणारा तो स्मॅशर. टाळ्या स्मॅशरला. वीस वर्षं नाना चेंडू देत आले, आणि हाताला लागेल ती वस्तू तशीच उचलायची सवय त्यांना लागली. गिरणीत दळणाचा डबासुद्धा दहा बोटांवर. बायका आधीच बजावत, "नाना, झाकन ढिलं शे हां."

दुसरी सवय काळजीची. थंडीत चेंडूची हवा उतरते म्हणून ते तो गोधडीत घेऊन झोपत. एसटी चुकेल म्हणून आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन वेळ विचारून येत, आणि ती वेळ खरी असेल का, हे दुसऱ्याला विचारत. आणि तोंडी एकच पालुपद. लग्नाच्या पंगतीत बासुंदी यायला उशीर झाला, तरी हे पाटावरून म्हणणार, "जेवनारा बठ्ठा, वाढनारा कोन शे?" म्हणजे जेवणारे सगळेच, वाढणारा कोण आहे?

त्या शनिवारी प्रश्न असा होता. धुळ्याच्या स्पर्धेत प्रत्येक संघाला बाहेरचा एक खेळाडू घ्यायची मुभा होती. धुळ्याचा एक सहा फुटी स्मॅशर दोनशे मागत होता. प्रवेश फी एक्कावन्न. उरणाऱ्या नऊ रुपयांत संघ धुळ्याला कसा न्यायचा, या विचाराने मला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. तरी मीही स्मॅशरच्याच बाजूचा होतो. मागच्या दोन्ही वर्षी पहिल्याच सामन्यात हरलो होतो. यंदा हरलो तर गावात कोणी वर्गणी देणार नव्हतं.

नाना म्हणाले, "बोदवडना इसाकले आनू. भाडं धरीसन दीडशे."

"तो शिंपी?" भिकनभाऊ हसले. "तो तर नेटखालून वाकल्याशिवाय जाईल, नाना. आणि लिफ्टरच ना तो?"

"लिफ्टर शे."

"मग तुम्ही काय आहात? दोन लिफ्टर घेऊन काय लोणचं घालायचं?"

"मारनारा बठ्ठा, देनारा कोन शे?"

"तुम्ही!" भिकनभाऊ आता चिडले. "वीस वर्षं तुम्हीच ना?"

नानांनी मग पिशवीतून चेंडू काढून भिकनभाऊंना दिला. "टाका मनाकडे."

भिकनभाऊंनी टाकला. नानांनी हात वर केले, चेंडू बोटांना लागला आणि उजवीकडे कलून ओट्याखाली गेला. पुन्हा टाकला, पुन्हा तसाच गेला. तिसऱ्यांदा भिकनभाऊंनी टाकलाच नाही.

"दिवाळीले गिरणीना पट्टामा हात सापडना," नाना हाताकडे बघत म्हणाले. "दोन बोटं सरळ व्हतस नही. इसाकले मी दोनदा देखी उनू. मनापेक्षा चांगला शे."

पट्ट्यात हात सापडला तेव्हा नाना आम्हाला मुका मार म्हणाले होते आणि आम्ही मान डोलावली होती. ते बोलले नसते, तर त्यांना संघातून काढायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती. ही आत गेली आणि त्यांच्यासाठी आणखी अर्धा कप घेऊन आली.

इसाक आला. धुळ्याला पहिला सामना आम्ही जिंकलो, दुसरा थोडक्यात हरलो. नाना कडेच्या बाकावर मांडीत दुसरा चेंडू घेऊन बसले होते, पहिल्याची हवा गेली तर म्हणून. पण इसाकच्या हाताशी चेंडू आला की ते मांडीवरचा विसरत आणि त्यांची दहाही बोटं वर जात. मांडीवरचा चेंडू किती वेळा गडगडत मैदानात गेला, ते मी मोजायचं सोडून दिलं. पंचांनी एकदा दम दिला.

सामन्यानंतर मी पैसे काढले, तर नाना म्हणाले, "मी देस." नोटांची घडी त्यांनी दहा बोटांच्या टोकांवर घेतली, कपाळापर्यंत उचलली आणि तिथेच धरली. उजवीकडे जरा कलली होती. बुटका इसाक हसला, टाचा उंचावून त्याने ती वरच्यावर घेतली.

हिशेबाच्या वहीत मी लिहिलं: दीडशे रुपये. इसाकला, नानांच्या हातून.