वरच्या मजल्यावरची शांतता

खुनी बाई आपण नुसत्या चालीवरून ओळखतो, असं गुप्तहेरबाई सगळ्यांना छातीठोकपणे सांगत. अजून ओळखायला एकही मिळाली नव्हती, हा भाग वेगळा. आजवर हरवलेली मांजरं आणि लग्नाआधीच्या चौकशा यांवरच गाडा चालला होता. एक बरासा खून पदरात पडला, की सासूबाई आपल्याला रिकामटेकडी म्हणायचं थांबतील, एवढीच त्यांची आस होती.

म्हणून एक काकू खुनाचा संशय घेऊन ऑफिसात आल्या तेव्हा त्यांना खुर्ची पुसून दिली गेली. काकूंच्या वरच्या मजल्यावर एक शिंपीण आणि तिचा नवरा राहत. नवरा उजाडायच्या आत कामाला जाई, अंधार पडल्यावर परते. काकूंनी त्याला डोळ्यांनी क्वचितच पाहिलेलं, पण त्याचं घोरणं छतातून थेट त्यांच्या उशाशी येई. इतकी वर्षं काकू त्याच तालावर झोपत आल्या होत्या. आठवडाभर ते बंद होतं, आणि शिंपीण जिन्यात गाणी गुणगुणत होती.

"घोरणारा माणूस घोरायचा थांबतो कधी?" काकूंनी विचारलं. "मेल्यावरच."

गुप्तहेरबाईंच्या अंगावर आनंदाने काटा आला.

दुसऱ्याच दिवशी त्या गिऱ्हाईक बनून वर गेल्या. शिंपिणीच्या डोळ्यांखाली काळं नाही, कपाळावर आठी नाही. इतकी वर्षं संसार केलेली बाई अशी टवटवीत? आणि तीही नवरा जिवंत असताना? निम्मा पुरावा तिथेच मिळाला. उरलेला टेबलावर पडला होता: नवऱ्याचा सदरा, आणि त्याच्या बरोबर पाठीत खुपसलेली जाडजूड सुई. शिंपिणीने मापाची टेप त्यांच्या गळ्याभोवती टाकली आणि गोड आवाजात विचारलं, जरा घट्ट चालेल ना?

गुप्तहेरबाई टेपसकट मागे उडाल्या. "नवऱ्याचं काय केलंस, बोल!"

आतल्या खोलीतून नवराच पाठ चोळत बाहेर आला. त्याला सुट्टी होती. शिंपिणीने हसत सदरा उलटून दाखवला. पाठीवर तिने एक खिसा शिवला होता आणि खिशात रबरी चेंडू. उताणं झोपलं की चेंडू टोचतो, माणूस कुशीवर वळतो आणि घोरणं बंद होतं. लग्नानंतर ती पहिल्यांदाच पोटभर झोपत होती.

हातातोंडाशी आलेला खून गेला! गुप्तहेरबाईंचा चेहरा इतका पडला, की आपण जिवंत असल्याबद्दल नवऱ्याने त्यांची माफी मागितली. मग त्यांना स्वतःच्या घरचं घोरणं आठवलं आणि तसाच एक सदरा त्यांनीही शिवायला टाकला.

सदऱ्याने कमाल केली. पहिल्याच रात्री त्यांना अशी झोप लागली, की उजाडल्यावर कोणी खोलीचं दार बडवलं तेव्हाच जाग आली. शेजारी नवरा कुशीवर, तान्ह्या बाळासारखा गाढ. दार उघडलं, तर समोर सासूबाई, त्यांच्यामागे अर्धी इमारत आणि सगळ्यांत मागे एक पोलीस.

"रात्रभर माझ्या लेकाचा आवाज नाही," सासूबाई पोलिसाला म्हणाल्या, "आणि हिचं तोंड बघा, कसं टवटवीत झालंय."

अखेर गुप्तहेरबाईंना खुनाची केस मिळाली. फक्त, आरोपी म्हणून.